परातीतलं पाणी

पवित्र गुरुवार, संध्याकाळ. बडोदे.

आज चर्चमध्ये फादरांनी आमचे पाय धुतले, येशूने बारा शिष्यांचे धुतले होते त्याची आठवण म्हणून. दरवर्षी बारा जण आधीच ठरवतात, यंदा त्यात मीही होते. फादरांना घाण वाटायला नको म्हणून आम्ही सगळे घरूनच पाय स्वच्छ घासून जातो. मी तर साबणाने दोनदा धुतले. मग फादरांनी धुवायचं तरी काय?

बारा जणांतली रोझीताई आजारी, म्हणून माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. एक अनोळखी माणूस तिथे येऊन बसला. पादरा गावाहून बसने आलो म्हणाला. पाय धुळीने भरलेले. कमिटीचे सायमनकाका वाकून हळूच म्हणाले, "भाई, ही जागा ठरलेली आहे."

तो लगेच उठला. "माफ करा हं. मला वाटलं, कुणीही बसायचं."

मागच्या बाकावर बसेल वाटलं, पण तो सरळ बाहेर गेला.  मी नाव तरी विचारायचं होतं.

खुर्ची रिकामीच राहिली. फादर तिच्यापुढून गुडघ्यांवरच सरकत पुढे गेले.

नंतर पाणी ओतायला परात मीच उचलली. अकरा जणांचे पाय धुतलेलं पाणी. परातीचा तळ स्वच्छ दिसत होता.