मुक्ताच्या मापाची खुर्ची

॥ श्री ॥

कर्जत,
ता. २ ऑक्टोबर १९७१

चि. सौ. रंगूस सहादेवदादाचा आशीर्वाद.

आम्ही सगळे इकडे धडधाकट आहोत. तुमच्या घरची खुशाली मिरजगावच्या बैलबाजारात आसारामदाजींकडून कळली. दोन वर्षांनी लिहितोय, तेव्हा अक्षर ओळखून पाकीट फडताळात टाकू नकोस. आधी बातमी वाच, मग काय ते ठरव.

मागच्या सोमवारी राशीनच्या रस्त्याला माझी जीप बाभळीवर आदळली. शेळ्या आडव्या आल्या, मी गाडी काढली डावीकडे आणि पुढे झाड. माझा वरचा एक दात स्टेअरिंगवर गेला. तुझ्या वहिनीच्या डाव्या हातातल्या सगळ्या बांगड्या फुटल्या. आणि मागे आमचा नातू गहिनी, वय एक वर्ष दहा महिने, वजन साडेदहा किलो, जिथं बसवला होता तिथंच बसलेला! आम्ही मागे वळलो तर टाळ्या वाजवतोय. म्हणाला, "आबा, पुन्ना!"

वहिनी रडायची ती हसायला लागली. "आता काय दुसरी बाभळ हुडकू व्हय रं तुझ्यासाठी?"

डॉक्टरांनी पोराला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. खांद्यावर पट्ट्याचा लालसर वळ, बाकी खरचटलंसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, "खुर्ची कुठल्या कंपनीची?" मी म्हटलं, "कंपनी घरचीच. मालक सातवी नापास."

रंगू, ती खुर्ची मी केली. कुणाला विचारलं नाही, कुठं पाहिली नाही. सायकलची नळी वाकवून सांगाडा केला, त्यावर बाजेची नवार विणली, पाठीला आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना काथ्याची गादी. चार बोल्टांनी मागच्या बाकाच्या लोखंडाला आवळली. पट्टे नगरच्या लिलावातले, मिलिटरीच्या कॅनव्हासचे. पहिल्यांदा मी एकच पट्टा पोटावरून घेतला होता. तो चुकला. सगळा दाब पोटावर येतो आणि पोर खालून निसटतं. मग दोन खांद्यांवरून, दोन मांड्यांवरून आणि एक दोन्ही पायांच्या मधून असे पाच केले. पट्टा आणि छाती यांत दोनच बोटं शिरली पाहिजेत. तिसरं शिरलं तर मी गाडी सुरू करत नाही. आता साखर कारखान्याच्या साहेबांनीही आपल्या नातवासाठी एक मागितली आहे, आणि आम्हा मोठ्यांसाठीही पट्टे शिवायला घेतलेत.

इंजिनं दुरुस्त करणाऱ्याला हे वेड कुठून लागलं, असं गावात विचारतात. तू विचारणार नाहीस.

ही खुर्ची करायच्या आधी मी एक परीक्षा घेतली, ती नीट वाच. शेतात भुसा आणि माती मिसळून छातीएवढा ढीग केला. दहा किलो ज्वारी पोत्यात शिवली. आपला तालमीतला मच्छिंद्र पैलवान तुला आठवत असेल, क्विंटलचं पोतं एकटा पाठीवर घेतो. त्याला पुढच्या सीटवर कासऱ्यानं कमरेला बांधलं आणि पोतं मांडीवर दिलं. तो म्हणाला, "काका, धा किलोला मी कशाला? लोकं हसत्याल की!" काट्यावर पंधरा मैल ठेवून मी जीप ढिगात घातली.

पोतं समोरच्या लोखंडी दांडीवर जाऊन फुटलं. पैलवानाच्या मिशीत ज्वारी. त्यानं आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाला, "काका, पोतं कुनी वढलं वं?"

चिडून त्यानं पुन्हा करायला लावलं. दुसऱ्यांदा दोन्ही हातांची कवळ घातली, तिसऱ्यांदा छातीशी आवळून डोळे मिटले. तिन्ही वेळा सुटलं. तुझी वहिनी बांधावर उभी होती. ती माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "बघितलं न्हवं?"

बघितलं. पुढं खुर्ची झाल्यावर तेच पोतं तीत बांधून तीनदा ढिगात गाडी घातली. दोन सुतांपलीकडं हललं नाही.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. इथवर तीन पानं फाडली.

दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी तू दीड वर्षाच्या मुक्ताला घेऊन पहिल्यांदा माझ्या जीपमधून माहेरी येत होतीस. लेकुरवाळी बहीण म्हणून मी तुला मानानं पुढं बसवलं. मागून दाजी दोनदा म्हणाले, "सबुरीनं, सबुरीनं." मी नव्या गाडीच्या तोऱ्यात. काट्यावर पस्तीस मैल होते, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. वळणावर बैलगाडी आली, आपण दगडावर गेलो आणि मुक्ता तुझ्या मांडीवरून समोरच्या दांडीवर आदळली. आणि दवाखान्याच्या अंगणात, आत पोरीच्या कपाळाला टाके पडत असताना, दहा माणसांत मी तुला म्हणालो, "एवढंसं पोर धरता येईना तुला?"

टाके पडले तशी पोरीला घेऊन तू तिथूनच यष्टीनं परत सासरी खर्ड्याला गेलीस.

बाजारात दाजी म्हणाले, "तिच्या मनातनं जाईना, दादा. आपल्या हातनं सुटली म्हनती. पोरीला कसल्याच गाडीत बसू देत न्हाई. जत्रेलाबी चालवत नेती." मी बैल न बघताच परत आलो.

म्हणून हे शाईनं लिहून देतो, सगळ्यांना वाचून दाखव. पंधरा मैलांवर पैलवानाला जे धरवलं नाही, ते पस्तीस मैलांवर जगातल्या कुठल्याच आईला धरवलं नसतं. तुझ्या हातांत काही कमी नव्हतं. मुक्ता तुझ्या हातून सुटली नाही, तिला माझ्या पायाखालच्या वेगानं हिसकावलं.

तिची खुर्ची अर्धी तयार आहे. माप अंदाजानं घेणं मला जमत नाही. तिला भिंतीला टेकवून बसव, जमिनीपासून खांद्यापर्यंत दोरा धर, गाठ मार आणि पाकिटात घालून पाठव. दिवाळीला मी खर्ड्याला येतो. खुर्ची तू स्वतः हलवून, ओढून बघ. मागे तिच्याशेजारी तूच बस. वीस मैलांच्या वर काटा गेला तर तिथंच उतर, मी गाडीमागून चालत येईन.

आणि दोरा आला नाही, तरी या कागदावरचा एकही शब्द मी मागं घेणार नाही.

ज्याचं बोलणं खोटं ठरलं, आणि ते आपल्याच हातानं खोटं ठरवल्याचा ज्याला आज अभिमान आहे, तो तुझा दादा,
सहादेव