चाक लागणार नाही

श्रीवर्धन, मंगळवार, दिवेलागण

हॉटेलवाल्या शेठला मी बनवतेय त्या बाबांच्या होडीच्या प्रतिकृतीवर पितळी चाक हवंय, सिनेमातल्या जहाजासारखं. आमची होडी सुकाणूच्या दांड्याने वळते. बाबा म्हणाले, "लाव गो एक चाक. ऑर्डर जाईल हातची. बघणाऱ्याला काय कळतंय?"

"बाबा, चाक धरलंय कुणी आपल्यात?"

ते हसले.

सुकाणूसाठी पितळी बिजागऱ्या वाकवल्या. पहिली न तापवताच वाकवली, चिरली. राग शेठचा आणि काढला पितळेवर? दुसरी पट्टी लालसर तापवून मऊ केली, मग नीट वळली. दांडा बसला.

शेठला फोटो पाठवला: चाक लागणार नाही. उत्तर आलं, "मग ऑर्डर राहू दे."

राहू दे.

मघाशी बाबांनी दांडा बोटाने फिरवून पाहिला. म्हणाले, "डावीकडं जरा जड हाय." तेवढं उद्या घासेन.