जाळी नसलेली खोली

४ डिसेंबर
मला न विचारता खोली बदलली. मागे नवी खोली बांधली, तिथे माझी रवानगी. जुन्या खोलीत छताजवळ डक्टची, म्हणजे घरभर फिरणाऱ्या हवेच्या नळाची, जाळी होती. तिच्यातून गरम हवा यायची आणि हवेबरोबर स्वयंपाकघरातलं बोलणंही. मी कान देत नव्हते, ते आपोआप पडायचं. परवा सुनेला म्हटलं, मीठ कमी करायचं तर तुझ्या आईचं कर, माझं नको. ती बघतच राहिली. तिने ते फक्त नवऱ्याला सांगितलं होतं म्हणे.
मुलगा म्हणतो, जाळीतल्या धुळीने तुला खोकला होतो. काळजी करतो पोरगा. मला खोकला नाही.

६ डिसेंबर
नव्या खोलीपर्यंत डक्ट येत नाही. म्हणून भिंतीवर गरम हवेची वेगळी पांढरी पेटी. बाकीच्या घराला एकच मोठं मशीन, सगळ्यांनी मिळून शेकायचं. मला स्वतंत्र कारभार, रिमोटसकट. मान आहे म्हणूनच ना. बटण दाबलं की पेटी टिंग करून ओ देते. सुनेपेक्षा बरी.
ठरवलं: आता त्यांच्या बोलण्यात लक्ष घालायचं नाही.

७ डिसेंबर, दुपार
इथे काही ऐकू येत नाही. सुटले एकदाची.
दार उघडं ठेवलं, हवा खेळती हवी. भांडी ऐकू येतात, शब्द नाहीत. खुर्ची दाराशी ओढली. पाठीला बरं पडतं.

१० डिसेंबर
बाकीचं घर गारठलंय. सुनेच्या अंगावर स्वेटरवर स्वेटर. नात मफलर गुंडाळून अभ्यास करते, नाकाचा शेंडा लाल. मोठं मशीन सारखं बंदच. माझी खोली मात्र भट्टी. ऊब दारातून पॅसेजमध्ये जाते. तिथल्या भिंतीवर थर्मोस्टॅट आहे, घर किती गरम ते बघून मोठ्या मशीनला चालू-बंद करतो. मुलगा त्याच्यासमोर उभा राहून पुटपुटत होता. मी म्हटलं, एवढं धूड पोसण्यापेक्षा माझी पेटी बघ. तो स्वेटरची चेन ओढून निघून गेला. पटलं असणार.
रिमोट तीसवर नेला. सगळ्या घराला आता मीच ऊब देणार. येतील झक मारत.

११ डिसेंबर, संध्याकाळ
आले. आधी नात पुस्तकं घेऊन, मग मुलगा, मग सून भाजी निवडायला. सगळे माझ्या पलंगावर. सून म्हणाली, आई, जरा सरका. सरकले. ऑफिसातली भांडणं, शेजारणीचा नवरा, नातीचे मार्क, सगळं समोर बसून ऐकलं, जाळीशिवाय. मी मधे काही बोलले नाही. चारदाच बोलले.
आता हे रोजचंच होणार. जादा उशा मागवायला हव्यात.

१३ डिसेंबर
मशीनवाला आला. मोठं मशीन उघडलंसुद्धा नाही. पॅसेजमध्ये थर्मोस्टॅटपाशी हात धरला, मग माझ्या दाराकडे बघितलं. म्हणाला, "एका घरात दोन्ही चालतात हो, पण आजींची ऊब थेट ह्याच्या अंगावर येतेय. ह्याला वाटतं सगळं घर गरम आहे, हा मोठ्याला बंद करतो."
सून माझ्याकडे बघत होती. मी पेटीकडे.
तो म्हणाला, थर्मोस्टॅट हलवा, नाहीतर आजींचं दार बंद ठेवा. एक केलं तरी पुरे.
मुलगा म्हणाला, "दोन्ही करा."
रागाच्या भरात बोलला. माझ्या खोलीची सवय लागलीय त्यांना, सुटायची नाही. उशांचं सांगून ठेवलं.

१४ डिसेंबर
थर्मोस्टॅट पुढच्या खोलीत गेला. माझ्या दाराला वर एक दांडा बसवला. दार उघडलं की आपलं आपण हळूहळू मिटतं. खुर्चीने अडवून बघितलं. सुनेने खुर्ची खिडकीशी ठेवली, उजेड बरा म्हणे.
घर छान गरम झालंय असं ऐकलं. ऐकलं म्हणजे जेवताना सांगितलं.

१७ डिसेंबर
कोणी आलं नाही. कामं असतात त्यांना.
उशा आल्या. कपाटात ठेवल्या.
नात डोकावली. आजी, तुला थंडी नाही ना वाजत, म्हणाली. नाही म्हटलं. पुढचं सांगणार तोवर दार मिटलं.
बटण दाबलं. टिंग. थोड्या वेळाने परत दाबलं. टिंग.
यापुढे कोणी दार वाजवलं तर मी ओ द्यायची नाही. पेटीने द्यावी.