उजव्या कडेची पिवळी टोपी

रविवार, १८ जानेवारी. व्हिटबी, कॅनडा.

इथल्या मराठी मंडळाच्या कॅलेंडरसाठी किनाऱ्याचा फोटो द्यायचाय. गोठलेलं पाणी, करडं आभाळ, सगळं जमलंय. फक्त उजव्या कडेला सुमनची पिवळी टोपी. नजर तिथेच जाते. पाण्याकडे पाठ करून ती गाडीकडे निघालेली. थंडी सोसतच नाही आता तिला. मार्चमध्ये पुण्याला बहिणीकडे चाललीय, कायमची. मी इथेच, मुला-नातवंडांपाशी. भांडण नाही, काही नाही. ठरलं, एवढंच.

चहा ठेवताना तिने स्क्रीनकडे पाहिलं.

"अहो, मला क्रॉप करा की. फोटो सुधारेल."

"असू दे."

"कॅलेंडरवर मी कशाला?"

केलं क्रॉप. पिवळी टोपी गेली आणि फोटो खरंच सुधारला. का सुधारावा? बिघडला असता तर बरं वाटलं असतं.

"बघा, म्हटलं नव्हतं?" म्हणाली, आणि बेसमेंटमध्ये सामान आवरायला गेली.

मग दिसलं, बर्फात तिच्या बुटांचे ठसे राहिलेत, फोटोच्या कडेपर्यंत जाऊन संपणारे. ते घालवायला आणखी कापत गेलो. ठसे गेले तेव्हा किनाराही उरला नव्हता.