आई, तुझं वजन उतरत होतं

आई, तो भेटला. तुझ्या पोटावर हात न ठेवणारा तो पोरगा. आता त्याला टक्कल पडलंय, चष्मा लागलाय, स्वतःचं हॉस्पिटल आहे. तुला सांगायलाच हवं म्हणून लिहायला बसले आहे.

चिंचोळी एमआयडीसीच्या रस्त्याला आपली खानावळ होती. पहाटेपासून तू उभी. कामगारांचे डबे गेले की चुलीपाशी बसून एक भाकरी खायचीस. पोट फुगतंय, दुखतंय म्हणून आपण त्या मोठ्या दवाखान्यात गेलो, जिथे डॉक्टर व्हायला निघालेली पोरं पेशंट तपासायला शिकतात. मी बारावीत होते, डबा घेऊन खाटेशी उभी. मोठे डॉक्टर त्यातल्या त्या पोराला म्हणाले, पोट तपास. त्याने तुझ्याकडे बघितलं आणि शेजारच्या पोराला म्हणाला, "ह्यात हात घातला तर परत सापडायचा नाही." सगळी हसली. मोठे डॉक्टरही हसले. आणि तूही हसलीस, तोंडाला पदर लावून. त्या हसण्याचा राग मला तुझ्यावरही आहे, अजून आहे. "खाता किती, मावशी?" त्याने विचारलं. "येक भाकरी खाते की." पुन्हा हशा. खानावळवाली एक भाकरी खाते, हे कोणाला पटणार? वजन कमी करा, दुखायचं थांबेल, असं सांगून ते सगळे पुढच्या खाटेकडे गेले.

तू मनावर घेतलंस. भात सोडलास, साखर सोडलीस, संध्याकाळी कारखान्यांची पाळी सुटायच्या वेळेला रस्त्याच्या कडेने चालायला लागलीस. आणि वजन उतरायला लागलं. काय आनंद झाला होता तुला! ब्लाउज आत घ्यायला बसायचीस तेव्हा गुणगुणायचीस. शेजारणी विचारायच्या, काय औषध घेता हो? दंड बारीक झाले, गळ्याची हाडं दिसायला लागली, पोट मात्र होतं तेवढंच. ते उतरेना म्हणून तू रात्रीचं जेवणही बंद केलंस. पुन्हा दवाखान्यात गेलो तर तोच समोर. त्याने तुला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि टाळी वाजवली. "बघा मावशी, ऐकलं की नाही माझं!" तू पिशवीतून शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या काढून त्याच्या हातात दिल्यास. घरी येईपर्यंत म्हणत होतीस, "लई गुणाचं पोरगं हाय बग." हात त्याने त्या दिवशीही ठेवला नाही. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी ठेवला, आणि त्यांचा हात एका जागी थांबला. अंडाशयातली गाठ केव्हाच पसरली होती. ती तुला आतून खात होती आणि आपण खूश होतो.

मी डॉक्टर झाले ते रागाने. आता शिकवते. आमच्याकडे सरावासाठी जे पुतळे आणलेत ते सगळे सडपातळ. म्हणून मुलींच्या बॅचला मीच टेबलावर झोपते. अंग मी तुझंच घेतलंय. यंदा हजेरी घेताना एका मुलीच्या नावापुढे त्याचं नाव आलं, तेव्हा त्याच्या कोटावर वाचलेलं, आणि त्यापुढे त्याचंच आडनाव. तेव्हापासून मी वाट बघत होते. तिने एकदा फिसकन हसावं, मैत्रिणीला डोळा मारावा, मग बघतेच तिला. मला तपासायची तिची वेळ आली तेव्हा तिने तळहात एकमेकांवर चोळले. "गार लागतील, मॅडम," म्हणाली. जाड पोटाला जसं दाबायला लागतं तसं, दोन्ही हातांनी, खोल, शांतपणे तपासलं. चांगली निघाली कार्टी. मला तिचा भयंकर राग आला.

गेल्या आठवड्यात पालकसभा झाली. सभेनंतर तो लेकीला घेऊन माझ्या केबिनमध्ये आला. "मॅडम, घरी सारखं तुमचंच नाव असतं." मी विचारलं, खानावळवाल्या मावशी आठवतात का? तुमच्यासाठी चटणी-भाकरी आणणाऱ्या? त्याने आठवून बघितलं, खरंच बघितलं. मग मान हलवली. "तेव्हा इतके पेशंट असायचे, मॅडम." आई, इतकी वर्षं मी ज्याला शिव्या घालत होते, त्याच्या डोक्यात तू नव्हतीसच. मग मी आठवण करून दिली. त्याचं ते वाक्य त्याच्याच सुरात म्हणून दाखवलं. टाळीसुद्धा वाजवली. त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, हिच्यासमोर नको," तो हळूच म्हणाला. पोरगी त्याच्याकडे बघत होती. "पप्पा, तुम्ही म्हणालात असं?" मी बोलत राहिले. गाठ किती मोठी होती, शेवटी तुला पाणीही कसं गिळवत नव्हतं, सगळं. तो हात जोडून खुर्चीत बसला होता आणि ती दाराशी उभी राहून रडत होती.

हे तुझ्या फोटोपुढे मोठ्याने वाचायचं ठरवलं होतं. नाही वाचणार. तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे: "आगं, लेकरापुडं नगं की." त्याने हात जोडले तेव्हा हे मला तुझ्या आवाजात स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी मी थांबले नाही, आई. आणि घरी येऊन पोटभर जेवले.