ओरखडासुद्धा नाही

१४ मे, संध्याकाळी सहा
गारपीट. वीस मिनिटं. शेजारचा ड्वेन कोएन म्हणतो, अंड्याएवढ्या गारा. उचलली जीभ लावली टाळ्याला. एक गार फ्रीजरमध्ये टाकली, त्याला दाखवायला. अंगणातून छप्पर पाहिलं. ओरखडासुद्धा नाही. जन्म कॅन्ससमध्ये गेला, मला वर चढावं लागत नाही.

१६ मे
गारांमागोमाग छपरवाले. तिघांनी दार वाजवलं. म्हणे फुकट तपासतो, मार बसलाय तिथे खडूने गोल करतो. म्हटलं, खडू शाळेत न्या. बायको लोर्नाचं म्हणणं, निदान चढू तरी द्यायचं होतं. तिला कोणीही गंडवेल.

९ जून
ड्वेनला विम्यातून नवं छप्पर. फुकट ते पौष्टिक. अंगणात छपरवाल्याची पाटी रोवून निवडणूक जिंकल्यासारखा फिरतोय. गल्लीत स्वाभिमान उरलेलं घर एकच.

२० सप्टेंबर
शिवणखोलीत थेंब पडतोय. दमट हवा, दुसरं काय. लोर्ना तिथे टेसाच्या, आमच्या मुलीच्या, लग्नासाठी गोधडी शिवते. टेबल दीड फूट सरकवलं. प्रश्न मिटला.

११ नोव्हेंबर
टेबलाशेजारी बादली. डांबराचा डबा आणला. रविवारी स्वतः चढणार.

१८ नोव्हेंबर
वारा.

२ फेब्रुवारी
डब्यातलं डांबर दगड झालंय. हल्लीचा माल.

९ मे
छताचा तुकडा खाली आला, थेट गोधडीवर. लोर्ना गोधडी उचलून ड्वेनच्या बायकोकडे गेली. मी विम्याला फोन केला. दावा करायच्या वर्षाच्या मुदतीतले पाच दिवस अजून शिल्लक. वेळेचं भान याला म्हणतात.

१३ मे
विम्याची सर्व्हेअर आली, मिस ओर्टेगा. तिशीचीही नसेल. चढली, उतरली. म्हणे मार गारांचाच, पण वर्षभर दुर्लक्ष झालं असेल तर पैसे मिळत नाहीत. दुर्लक्ष? मी? ही वहीच तिच्या हातात दिली. म्हटलं, तारीखवार नोंदी आहेत. तिने उभ्याउभ्या सगळी वाचली. सप्टेंबरचं पान दोनदा. "फार व्यवस्थित लिहिता हो तुम्ही," म्हणाली आणि पानापानाचा फोटो काढला. पोरगी हुशार आहे.

२७ मे
नकार. पत्रात कारण म्हणून माझंच वाक्य, तारखेसकट. लोर्नाने मोठ्याने वाचलं. मग म्हणाली, "गोधडीचा डाग निघत नाही. टेसाला मी काय देऊ, ही वही?"
ड्वेन निळी ताडपत्री घेऊन आला. तो वर चढला. मी शिडी धरली.
नंतर फ्रीजरमधली गार काढून अंड्याशेजारी ठेवली. वर्षभरात झिजली असणार. तरी अंडंच लहान होतं.