चौकटीची कोरी कड

दि. ३ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ. वि. वि.

पन्नाशी उलटलेल्या बाईला बारकी म्हणतो म्हणून मागच्या पत्रात तू माझी कानउघाडणी केलीस. कर. दुसरं नाव माझ्या लेखणीतून उतरत नाही. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या वहिनीची कंबर आणि माझे गुडघे आलटून पालटून दुखतात, त्यामुळे घरात एक जण तरी चहा करण्याच्या स्थितीत असतो.

आपल्या मैद्याच्या गिरणीत सध्या मोडतोड चालू आहे. आपल्या लाकडी चाळण्या निघाल्या, पत्र्याच्या नव्या येणार. चौथ्या मजल्यावरची चाळण्यांची ती आठ कपाटं आठवतात ना, वेताच्या काठ्यांवर लोंबकळत दिवसभर गोल घुमणारी? ती थांबली आहेत. इतकी वर्षं पायाखालची फरशी थरथरायची. आता ती स्थिर झाली तर मलाच चक्कर आल्यासारखं वाटतं. एकेका कपाटातून चोवीस चौकटी काढायच्या, चाळणीचं कापड उसवायचं, लाकूड खाली पाठवायचं. महिनाअखेर मीही निवृत्त होतो आहे, म्हणून जे रचलं ते उकलायचं कामही माझ्याच गळ्यात घातलं आहे. चार जिने दिवसातून दोनदा. जिन्यांना माझी कीव येत नाही.

काल अडगळीची खोली उपसली. भिंतीला टेकवलेल्या टाकाऊ चौकटींत तुझी एक निघाली. आतल्या बाजूला निळ्या पेन्सिलीने तुझी खूण, तारीख, आणि शेजारी ताणाई खात्याच्या मिस्त्रींची लाल फुली. धूळ झटकून कापडावर टिचकी मारली तर ते डफासारखं वाजलं. सव्वीस वर्षांनी. हवी असेल तर पाठवतो. आरसा बसवून घे, तुझ्याएवढा मावेल.

आठवण ठेव, आणि ठेवली असशील तर दोन ओळींनी कळव.

तुझा,
दादा


दि. ११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक, म्हणजे नेहमीसारखं. यांचा खोकला आहे, माझे डोळे आहेत, आणि कारखान्यात इस्पितळांच्या चादरींचा ढीग आहे. एक उपसावा तोवर दुसरा येतो.

चौकट नको. कोणती ते मी ओळखलं. लाल फुली माझ्या एकाच चौकटीला पडली. पहिल्या कपाटातली नववी. जाळून टाक.

तू आरशाच्या गप्पा मारतोस, मला मात्र सगळं काल घडल्यासारखं आठवतं. ताणाई खात्यात, चौकटींवर चाळणीचं कापड ताणून बसवायच्या कामावर, मी पहिली बाई. बाबांनी शब्द टाकून लावलं होतं. मिस्त्रींनी शिकवलं, कापड चारी बाजूंनी सारखं कसं ओढायचं, कोपऱ्यात कसं दुमडायचं. ती नववी चौकट मी सोमवारी वर दिली आणि मंगळवारी मैद्यात कोंड्याचे ठिपके निघाले. बेकऱ्यांनी पोती परत पाठवली. नवं असं तेवढं एकच चढलं होतं, माझी चौकट. मिस्त्री सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले की पोरीचा हात ढिला आहे. ती काढून दुसरी बसवली आणि ठिपके बंद झाले. पुढे बोलायला काही उरलंच नाही. मला पोती शिवायला बसवलं. बाबा महिनाभर जेवताना माझ्याकडे बघत नव्हते. दोन महिन्यांत मी गाव सोडलं.

तेव्हापासून प्रत्येक शिवण मी तीनदा बघते. इथे माझं नावच 'तीनदा' पडलं आहे. बायका हसतात, मीही हसते. आता मालकीणबाई थकल्या आहेत आणि तपासणीचं टेबल मी घ्यावं म्हणतात. म्हणजे इथून जे बाहेर जाईल त्यावर सही माझी. पंचवीस तारखेपर्यंत सांगायचं आहे. टेबल मला मनापासून हवं आहे, तुला म्हणून लिहिते. पण नाही म्हणणार. ज्या हाताचं काम एकदा अख्ख्या गिरणीला नडलं त्याने दुसऱ्यांच्या कामावर सही करू नये.

तू आता गुडघ्यांना सुटी दे. वहिनीला नमस्कार. माया आहे तेवढी पुरे, कमी मात्र करू नकोस.

तुझी,
बारकी


दि. २३ मार्च

चि. बारकीस,
अ. आ.

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली. तुझं पत्र चौदा तारखेलाच हातात पडलं होतं.

तू सांगितलंस म्हणून चौकट जाळायला खाली नेत होतो. जाळण्याआधी सवयीने कडांवरून बोट फिरवलं. ताणाई खात्यातून चौकट कोरी यायची आणि तिच्या चारी कडांवर नमद्याची पट्टी डिंकाने चिकटवायची आम्ही, चाळणीवाल्यांनी, हे तुला माहीत आहे. त्या दाबलेल्या लोकरीमुळे एकीवर एक रचलेल्या चौकटींत फट राहत नाही. पट्टी नसली तर कोंडा कापडावरून पुढे न जाता कडेने घसरतो आणि खाली मैद्यात उतरतो.

तुझ्या चौकटीला तीन बाजूंना पट्टी आहे. चौथी कड कोरी आहे. पट्टी पडून गेली म्हणावं, तर लाकडावर डिंकाचा डागसुद्धा नाही. फक्त कोंड्याची एक तपकिरी रेघ बसली आहे, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत.

त्या सोमवारी चौकटी बसवायची पाळी माझी होती. तीन बाजू झाल्या आणि पट्टीचं गुंडाळं संपलं. नवं आणायला चार जिने उतरायचे होते. नंतर लावू म्हणून चौकट बसवली, वर पंधरा रचल्या आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी बोभाटा झाला तेव्हा सगळे कापडाबद्दल बोलत होते, मीही कापडाबद्दलच बोललो. मग तुझी काढून दुसरी बसवायला मलाच सांगितलं. तिच्या चारही कडांना मी पट्टी नीट दाबून दाबून लावली. एवढी काळजी मी एरवी घेत नसे. मला माहीत होतं असं म्हणणार नाही, आणि माहीत नव्हतं असं आता म्हणवत नाही. हाताला कळलं होतं. मी हाताला विचारलं नाही.

तुझ्या ताणाईत काही कमी नव्हतं, बारके. कापड आजही वाजतं आहे. ते टेबल घे. हे पत्र मी स्वतः मोठ्या टपाल कचेरीत नेऊन टाकतो आहे, वेळेत पोचावं.

लोभाबद्दल लिहायला आज तोंड नाही.

दादा


दि. ४ एप्रिल

सौ. वन्संस,
स. न. वि. वि.

पत्र माझं बघून दचकू नका, तुमचे बंधू धडधाकट आहेत. एकतीस तारखेला गिरणीतून सुटले. निरोपाचं भाषण नको म्हणाले, तरी एक साहेब बोललेच. यांच्या अचूक कामाबद्दल बोलले. हे खाली मान घालून ऐकत होते.

आता रोज टपालाच्या वेळी दारात खुर्ची टाकून बसतात. पोस्टमन लांबूनच मान हलवतो, तेव्हा उठतात. मला सगळं सांगितलं आहे. मी त्यांची बाजू घेणार नाही, बायको असले तरी. शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण लिहून द्या. त्या खुर्चीचा एक पाय तसाही डुगडुगतो आहे.

कंबर तशीच. तुमचे डोळे जपा, आणि आमच्याकडे पाठ फिरवू नका.

तुमची,
वहिनी


दि. १० एप्रिल

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र सव्वीसला दुपारी आलं. पंचवीसला सकाळी मी मालकीणबाईंना नाही सांगून आले होते. त्यांनी तिथल्या तिथे दुसऱ्या एकीला बोलावून टेबल दिलं. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे, कामाला चोख आहे, आणि आनंदाने रडली. आता तिच्याकडून ते काढून घ्या असं सांगायला मी जाणार नाही. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तू नऊ दिवस कागद फाडत बसलास, त्याबद्दल आहे. पट्टी नंतर लावू म्हणालास, पत्रही नंतर टाकू म्हणालास.

वहिनीचं पत्र आलं नसतं तर हेही लिहिलं नसतं. चिडायचं म्हटलं तरी मला आता दम लागतो. सव्वीस वर्षं इतर बायका चपला घालून घरी निघायच्या आणि मी तिसऱ्यांदा कडा तपासत बसलेली असायची. यांनी किती वेळा कारखान्याच्या दारात ताटकळून माझी वाट पाहिली. विचारायचे की एवढं काय बघतेस. मला सांगता यायचं नाही.

बाबा गेले ते मला ढिल्या हाताची समजून गेले. तिथे तू काही करू शकत नाहीस, मीही नाही. मिस्त्री अजून आहेत असं तूच मागे एका पत्रात सहज लिहून गेला होतास. त्यांच्याकडे जा आणि सांग. चिठ्ठी पाठवून नाही, तोंडाने. आणि मग ती चौकट मला पाठव. कोऱ्या कडेला पट्टी लावू नकोस.

वहिनीला सांग, तिच्यावर राग नाही.

बारकी


दि. २१ एप्रिल

चि. बारकीस,
अ. उ. आ. वि. वि.

परवा मिस्त्रींकडे गेलो. नव्वदीला टेकले आहेत. लेकीच्या घरी तळमजल्यावर, न्हाव्याच्या दुकानाशेजारी राहतात. चौकट पोत्यात गुंडाळून नेली होती. समोर बसलो आणि घरात शिरताना ठरवलं होतं तसं हळू आवाजात सगळं सांगितलं. ते म्हणाले की चहात साखर कमी असेल तर मागून घे.

ऐकायला येत नाही त्यांना. लेक म्हणाली, मोठ्याने बोला. मग मोठ्याने बोललो. तरी नाही. तिसऱ्यांदा उभा राहून ओरडलो की पट्टी मी लावली नव्हती, माझ्या बहिणीची चूक नव्हती. शेजारी न्हाव्याची कात्री थांबली. वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी वाकून विचारलं की कसली पट्टी. त्यांनाही सांगितलं. आता त्या गल्लीत शाळेतल्या पोरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

मिस्त्रींना ऐकू गेलं. चौकट मांडीवर घेतली, कोऱ्या कडेवरून अंगठा फिरवला. टिचकी मारून कान लावला, आवाज काही आला नसावा, म्हणून तळवा कापडावर ठेवून पुन्हा टिचकी मारली. तळव्याला कळलं. म्हणाले की पोरीचा हात चांगला होता, आणि कापड न वाजवताच आपण फुली मारली. एवढं त्यांनी दोनदा सांगितलं आणि तुला तसंच कळवायला बजावलं. मग मला नवशिक्यासारखं झापलं. पट्टी संपली तर काम थांबवायचं असतं हे तुला कुणी शिकवलं होतं, असं विचारलं. त्यांनीच शिकवलं होतं. मी उभ्याने ऐकलं, गुडघे कुरकुरत होते तरी बसलो नाही.

निघताना लेकीकडून ओला फडका मागून त्यांनी ती लाल फुली स्वतः पुसायला घेतली. पुरती गेली नाही. फिकट गुलाबी डाग राहिला आहे, तसाच पाठवतो आहे. पट्टी लावलेली नाही.

तू माझ्यावर कसा लोभ ठेवावास हे सांगण्याचा हक्क मी गमावला आहे. माझा मात्र तुझ्यावर आहे.

दादा


दि. ९ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चौकट पोचली. एक कोपरा प्रवासात दुखावला आहे, पण कापडाला काही झालेलं नाही. मी ती कारखान्यात नेली. मालकीणबाईंनी टिचकी मारली, टेबलवालीने मारली, मग सगळ्या बायकांनी रांग लावली. हे कुणाचं काम, असं टेबलवालीने विचारलं. मी म्हटलं, माझं. सव्वीस वर्षांत हा शब्द मी त्या कामाबद्दल उच्चारला नव्हता.

आता ती माझ्या मशीनजवळ खिडकीला टेकवून ठेवली आहे. उजेड तिच्यातून गाळून येतो, डोळ्यांना बरं वाटतं.

वहिनीला म्हणावं, खुर्ची आत घ्या. मी लिहीत जाईन, पण उशिरा लिहीन. माझा राग अजून संपलेला नाही, आणि तो मला लगेच टाकून द्यायचा नाही. गुडघे साथ देतील तेव्हा तू ये. इथे जिने दोनच आहेत.

एक सांगायचं राहिलं. मागच्या गुरुवारी एक चादर शिवली. कड दुमडली, शिवली, घडी घालून ढिगावर ठेवली. हात दोनदा तिच्याकडे गेला, दोन्ही वेळा मी तो मागे घेतला. चादर इस्पितळात गेली. आज नऊ दिवस झाले, कुणी परत आणून दिलेली नाही.

माया असू दे.

तुझी,
बारकी